वाघ्याचं ताट

मी नर्स आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना 'बाई जरा हळवी दिसते' असं कोणी म्हणायला नको. भुतंखेतं असतीच, तर ती सगळ्यात आधी आम्हाला दिसली असती हो... पुण्यात आणि इथे न्यूझीलंडमध्ये मिळून कितीतरी नाइट ड्यूट्या केल्या. मला दिसले ते फक्त खुर्चीत घोरणारे नातेवाईक आणि कोणीतरी संपवून ठेवलेली बिस्किटं. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि खरं सांगते, राग मानू नका, निम्म्यांना हसते. सासूबाई दृष्ट काढायच्या तेव्हा मी मुकाट बसायचे, ते त्यांना बरं वाटावं म्हणून. बाकी माझा विश्वास ब्लड प्रेशरच्या मशीनवर.

पण एक गोष्ट अशी आहे की तिला मला आजवर हसता आलेलं नाही. भीती म्हणाल तर तीही वाटत नाही. वाटते ती फक्त कृतज्ञता. म्हणून लिहितेय.

ही २०१४-१५ची गोष्ट. तेव्हा आम्ही ऑकलंडच्या दक्षिणेला, पुकेकोहेच्या पलीकडे, मानुकाऊ हार्बरच्या काठावरच्या एका लहानशा वस्तीत भाड्याने राहायचो. एक डेअरी — म्हणजे दूधवाला नव्हे, इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात — एक बोटी उतरवायचा उतार, आणि बाकी घरं. घराच्या मागे रस्ता, रस्त्यापलीकडे थेट खाडी. भरतीला पाणी पार कठड्याला लागायचं, आणि ओहोटीला इतकं मागे जायचं की दिसायचंच नाही. नुसता करडा चिखल, लांबच लांब. माझा नवरा मंदार इंजिनियर, मी दक्षिण ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात. शेजारी मार्गारेट नावाच्या आजी, निवृत्त शिक्षिका, फटकळ, आणि त्यांचा टोबी नावाचा लठ्ठ म्हातारा लॅब्रडॉर. आणि आमच्या मागच्या अंगणात एक सुटी खोली होती, स्लीपआउट म्हणतात तिला, तिथे ब्राईस राहायचा.

ब्राईस स्पेनचा. पण स्पेनचा म्हटलं की चिडायचा. "गॅलिसिया! गॅलिसिया म्हण!" आपल्याकडे नागपूरकराला पुणेकर म्हटल्यावर होतं तसंच. पुकेकोहेत कांद्याच्या पॅकहाउसमध्ये कामाला होता. आडदांड अंग, हातांवर दाट केस, दोन्ही भुवया मध्ये जुळलेल्या... रस्त्यात समोरून आला तर माणूस फुटपाथ बदलेल. आणि बोलणं मात्र इतकं हळू की "काय?" असं दोनदा विचारावं लागायचं.

मंदारला हॉरर पिक्चरचं वेड. गॅरेजमध्ये पांढरी चादर टांगून शनिवारी दुपारी याचं थिएटर चालायचं. ब्राईस आल्यापासून तिथे त्याच्या देशातले जुने पिक्चर सुरू झाले. मला सगळे सारखेच वाटायचे. डोंगरातलं एक गाव, धुकं, चर्चची घंटा, चुलीपाशी बसून "पौर्णिमेला बाहेर पडू नकोस रे बाबा" म्हणणारी म्हातारी, आणि मग व्हायचा तो लांडगा होणारा बिचारा. शेवटी अख्खा गाव मशाली घेऊन त्याच्या मागे. ठरलेलं. मंदार श्वास रोखून बघायचा आणि ब्राईस खो खो हसायचा. "आमच्या म्हाताऱ्या अशा नव्हत्याच. त्या जास्त भयंकर होत्या."

त्या नोव्हेंबरात आई आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासवडच्या. मामंजी गेल्यावर पहिल्यांदाच एकट्या विमानात बसून आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. मंदार हा एकच मुलगा, बाकी एक नणंद, त्यामुळे घरात काय लाड चाललेले ते विचारू नका. माझं आणि आईंचं कसं होतं? दोन फटकळ बायका एका ओट्यावर... पण जमायचं. त्या म्हणायच्या, "तुझी जीभ माझ्यासारखीच आहे, म्हणून तर तुला पसंत केली." आता केली होती मंदारने पसंत, पण असो.

आल्यावर पहिल्याच शनिवारी त्या फरसबी निवडायला म्हणून गॅरेजमध्ये येऊन बसल्या. पडद्यावर स्पॅनिश, खाली इंग्लिश, दोन्ही त्यांना येत नाही. पण पिक्चर कळायला भाषा कशाला लागते? जरा वेळ बघून म्हणाल्या, "हा कुत्रा का होतोय रे?"

"लांडगा, आई. शाप आहे त्याला," मंदार म्हणाला.

"मग ही माणसं काठ्या घेऊन का धावतायत?"

"मारायला."

आईंनी फरसबी बाजूला ठेवली. "अरे पण हा तर वाघ्या! याला मारतात होय? काय अडाणी लोक आहेत! आमच्याकडे असा असला तर देवाला वाहतात, कपाळाला भंडारा लावतात, पोटभर जेवायला घालतात. भुकेलं ठेवल्यावर चावेल नाही तर काय करेल?"

मी हसून हसून बेजार. पण ब्राईसने "काय म्हणाल्या?" असं विचारलं, तेव्हा मंदारला सगळं समजावून सांगावं लागलं. जेजुरीचा खंडोबा आमचं कुलदैवत, कुत्रा हे त्याचं आवडतं जनावर. नवसाने देवाला वाहिलेले वाघ्ये असतात, ते देवाचा कुत्रा म्हणून जगतात, कधी कधी कुत्र्यासारखे भुंकतात, लाकडी कोटंब्यातून जेवतात. लोक त्यांना घाबरत नाहीत, उलट त्यांच्या हातून भंडारा लावून घेतात.

ब्राईस हसला नाही. पिक्चर थांबवला त्याने. मग त्या हळू आवाजात म्हणाला, "मी सातवा आहे."

त्याच्या गावात म्हणे लागोपाठ सात मुलगे झाले की सातवा लांडगा होतो. उपाय एकच. बाप्तिस्म्याच्या वेळी थोरल्या भावाने त्याला हातावर घ्यायचं, त्याचा धर्मपिता व्हायचं. ब्राईसचा थोरला भाऊ तेव्हा मासेमारीच्या बोटीवर समुद्रात होता. पाद्री थांबला नाही, काकाने घेतलं हातावर. झालं! गावात कुठे मेंढी मेली की म्हाताऱ्या विचारायच्या, "काल ब्राईस कुठे होता?" पोरं दगड मारायची. "आणि माझी आई..." तो जरा थांबला. "सकाळी मी उठलो की माझी आई आधी माझे हात बघायची. उजेडात धरून. रक्त आहे का म्हणून."

"अगं बाई..." आईंना मंदारने हे सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

"म्हणून इथे आलो," ब्राईस म्हणाला. "न्यूझीलंडमध्ये लांडगा नाही, कोल्हा नाही, साप पण नाही. इथे मी कशाचा होणार?" आणि मग हसला. आम्हीही हसलो.

मग चंपाषष्ठी आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, खंडोबा असणाऱ्या घरात हा मोठा सण. चातुर्मासात बंद असलेली वांगी आणि कांदा त्या दिवशी सुरू होतात. भरीत, बाजरीचे रोडगे, कांद्याची पात... देवाला नैवेद्य, तळी भरायची, 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणायचं, आणि कुत्र्यासाठी वेगळं ताट. ते कुत्र्याने खाल्लं की सण पुरा.

आता ओटाहुहूच्या इंडियन दुकानात जाऊन बाजरीचं पीठ आणलं, वांगी आणली. पात तर ब्राईसने पॅकहाउसमधून भाराभर आणली. पण कुत्रा? या देशात रस्त्यावर कुत्रा नाही हो! सगळी कुत्री कुणाची ना कुणाची, गळ्यात पट्टे, पोटात डॉक्टरने लिहून दिलेलं खाणं. आई ताट घेऊन मार्गारेटच्या दारात उभ्या राहिल्या, तर त्या म्हणाल्या, "नो, नो, डिअर! टोबीला पँक्रियासचा त्रास आहे. वांगं तर मुळीच नको." आई हिरमुसून परत आल्या. देव उपाशी राहिल्यासारखा चेहरा. मी म्हटलं, "आई, समुद्रपक्ष्यांना घालू." तर असं बघितलं माझ्याकडे की बस.

तेवढ्यात मागच्या दारात ब्राईस आला, कामावरून, हातपाय धुऊन. आईंनी त्याला बघितलं, ताटाकडे बघितलं. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं.

"आई, नाही हं," मी म्हटलं. "माणूस आहे तो. वाईट दिसतं."

"माणूस आहे म्हणूनच तर टेबलावर वाढतेय. खाली ठेवणार होते का मी?" असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली, त्याला बसवलं, त्याच्या त्या जुळलेल्या भुवयांवर चिमूटभर भंडारा फासला आणि पुढ्यात ताट सरकवलं. "जेव रे बाळा. आता तू आमचा वाघ्या. आता तुला कोणाची भीती नाही, आणि तुझी कोणाला नाही."

मंदारने लाजत लाजत भाषांतर केलं. मला वाटलं, हा आता ताट भिरकावतो. ब्राईस बराच वेळ भरताकडे बघत होता. मग त्याने रोडगा मोडला आणि जेवला. सगळं ताट. बोटं चाटून. डोळ्यांतून पाणी येत होतं ते मिरचीचं, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून तो आईंना 'आई' म्हणायला लागला, आणि त्या त्याला वाघ्या.

पुढचे महिने मजेत गेले. दोघांची गट्टी अशी की मंदारला मत्सर वाटावा. आई मराठीत बोलायच्या, तो त्याच्या भाषेत, आणि दोघं तासन्तास वाफ्यात मेथी लावत बसायची. काय कळायचं एकमेकांचं, देव जाणे.

मे महिना आला. इथला शरद. आईंच्या परतीचं तिकीट जवळ आलं. बॅगा भरायला काढल्या, आणि निघाला निर्माल्याचा प्रश्न. सहा महिन्यांची देवाची सुकलेली फुलं आईंनी एका पिशवीत जपून ठेवली होती. ती कचऱ्यात टाकायची नाहीत, वाहत्या पाण्यात सोडायची. मी म्हटलं, रविवारी गाडीने जाऊ, चांगल्या जागी सोडू. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

त्या दिवशी मी सकाळची ड्यूटी करून दुपारी घरी आले तर आई घरात नाहीत. बॅगेशेजारची निर्माल्याची पिशवी नाही. दाराशी माझे गमबूटही नाहीत.

मी कठड्याकडे पळाले. ओहोटी होती. आणि चिखलावर माझ्याच गमबुटांचे ठसे, सरळ आत, आत, जिथे पाणी असेल तिकडे... मला क्षणात सगळं समजलं. पाणी लांब गेलंय, मग आपण पाण्यापर्यंत जाऊ! देशावरचं माणूस. समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याच्या ट्रिपला. पाणी मागे जातं तसं परत येतं, आणि या खाडीत ते समोरून येत नाही, आधी बाजूच्या ओघळांतून तुमच्या मागे येतं, हे त्यांना कोण सांगणार? आणि हे कमी म्हणून की काय, हार्बरच्या तोंडाकडून धुकं येत होतं. भिंत सरकत यावी तसं.

"आऽऽई!" किती ओरडले. आवाज त्या धुक्यात मुरून गेला.

एकशे अकराला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन केला. पोलीस आले, वस्तीतले बोटवाले आले, मंदार ऑफिसातून कसा पोचला ते त्याचं त्याला माहीत. पोलीस म्हणाले, घरी कोणीतरी थांबा, बाई दुसऱ्या वाटेने परत आल्या तर. ब्राईस पाण्यात उतरायला निघालाच होता, पण त्याला पोहता येत नाही, सहा मुलांना समुद्रावर पाठवलेल्या आईने सातव्याला पाण्याला हात लावू दिला नव्हता. त्याला मार्गारेटबरोबर आमच्या स्वयंपाकघरात बसवलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. "मी काय करू? मी काय करू?" एवढंच म्हणत होता. मी ओरडले त्याच्यावर, "काही नको करूस, बस!"

भरती सुरू झाली. अंधारायला लागलं. बोट धुक्यात पुढे जाईना, माणसं काठाकाठाने हाका मारत होती. मंदार गुडघाभर चिखलात उभा राहून "आई, आई" करत होता, लहान मुलासारखा. वडिलांच्या वेळी तो वेळेवर पोचू शकला नव्हता. मला तेच दिसत होतं सगळं. मी नर्स आहे, थंड पाण्यात त्या वयाचं शरीर किती टिकतं ते मला नको तितकं माहीत आहे. मी मनात हिशोब करत होते आणि स्वतःलाच शिव्या घालत होते की करू नकोस.

आणि तेव्हा ते ऐकू आलं.

कुत्रं रडतं तसं नव्हतं. भुंकणंही नव्हतं. लांब, वर चढत जाणारं, आणि मग खाली येऊन थांबणारं. गॅरेजमधल्या त्या चादरीवर मी ते शंभरदा ऐकलं होतं आणि हसले होते. मंदारने माझ्याकडे बघितलं. शेजारी एक माओरी काका उभे होते, बोटवाले, जन्म त्याच खाडीवर गेलेला. ते म्हणाले, "हे आमचं कुठलं जनावर नाही." परत तोच आवाज. आम्ही शोधत होतो तिकडून नाही, पार उलट्या बाजूने, खारफुटीच्या झाडांकडून.

"चला," काका म्हणाले. आम्ही त्यांच्या बोटीत चढलो, बोट वळली. धुक्यात आवाजाच्या रोखाने. थांबला की आम्ही थांबायचो, आला की पुढे.

खारफुटीच्या कडेला शिंपल्यांचा एक उंचवटा होता, वीतभर पाण्यावर उरलेला. त्यावर आई बसल्या होत्या. चारी बाजूंनी पाणी. एका पायात गमबूट, दुसरा पाय नुसता. पदर लोंबत होता. आणि चेहरा... कसा सांगू, एसटीची वाट बघत बसल्यासारखा.

"आलात?" म्हणाल्या. "त्याला हाक मारा रे आधी. आत्ता इथे होता. भिजलाय बिचारा."

"कोण, आई?"

"कुत्रा. केवढा मोठा! मी पार ओघळापाशी चिखलात रुतले होते, बूट निघेना. त्याने पदर धरून ओढलं मला. इथवर आणलं आणि मला टेकून बसला. काय ऊब होती अंगाला..."

कोणी कुत्रा नव्हता. काकांनी बॅटरी फिरवली. शिंपल्यांवर काय ठसे दिसणार. पाण्याच्या कडेच्या चिखलात मात्र काहीतरी होतं, पंजासारखं, माझ्या तळहाताएवढं. दुसऱ्यांदा बघेपर्यंत लाट आली.

आता इथून पुढचं मी नर्स म्हणून सांगतेय, सून म्हणून नाही. आईंची साडी कमरेपर्यंत ओली होती. इतका वेळ त्या थंडीत. मी त्यांचा हात धरला तो गार लागेल म्हणून, तर हात गरम. माझ्या पर्समधला थर्मामीटर बोटीतच लावला. अगदी नॉर्मल! नाडी नॉर्मल. थरथर नाही. वर मलाच म्हणतात, "तुझे हात किती गार पडलेत गं." पदराला एका बाजूला भोकं होती, ओळीने. दुसऱ्या बाजूलाही तशीच.

घरी आलो. दारात अँब्युलन्स उभी होती, आईंसाठी बोलावलेली. आणि आतून मार्गारेटचा आवाज, "इकडे या! आधी इकडे या!"

ब्राईस मागच्या दाराशी पायपुसण्यावर अंगाचं मुटकुळं करून पडला होता. मार्गारेट म्हणाल्या, तो काचेच्या दाराशी उभा राहून खाडीकडे बघत होता, मग खाली बसला, मग आडवा झाला आणि झोपला. "कुत्रा झोपतो ना, तसा. मी उठवते आहे तर उठेना. इथून हललेला नाही, मी नजर हटवलेली नाही त्याच्यावरून." त्यांनी आपला कोट त्याच्यावर घातला होता. टोबी टेबलाखाली शिरून बसला होता तो बाहेर यायला तयार नव्हता.

मी ब्राईसच्या अंगाला हात लावला आणि मागे घेतला. बर्फ! घरात हीटर चालू, कपडे कोरडे ठणठणीत, आणि माणूस फ्रिजमधून काढल्यासारखा. ओठ निळे. थर्मामीटर कानात घातला तर आकडाच येईना, नुसतं 'लो'. अँब्युलन्सवाल्यांनी त्यांचा लावला, तोच प्रकार. साखर बघितली, ठीक. काही घेतलंय का, विचारलं. मार्गारेट तडकल्या, "चहा घेतलाय, मी केलेला!"

ब्लँकेटं गुंडाळली, गरम पिशव्या लावल्या. हळूहळू त्याने डोळे उघडले. आणि मला बघितल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल? दोन्ही हात वर घेतले, उजेडात धरले, उलटेपालटे करून बघितले. मग माझ्याकडे बघून, दात वाजत असताना विचारलं, "मी कोणाला काही केलं का?"

मी घसरलेलं ब्लँकेट त्याच्या खांद्यावर ओढत राहिले.

आई पुढे झाल्या. तशाच ओल्या साडीत, अंगावर मंदारचं जॅकेट. त्याच्यापाशी जमिनीवर बसल्या आणि त्याचे ते दोन्ही हात आपल्या गरम हातांत घेतले. त्याने काय विचारलं ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "नाही रे बाळा," म्हणाल्या. "कोणाला काही केलं नाहीस. मला घरी आणलंस." आणि माझ्याकडे वळून, "सकाळचं वरण गरम कर. पातळ, गूळ घालून. उभी काय राहिलीस?"

तो शुद्धीवर आहे, नीट गिळतोय, असं बघून मी वाटी दिली. आईंनी चमच्याने भरवलं. अँब्युलन्सवाला पोरगा दारात उभा राहून बघत होता, त्याने घाई केली नाही. मग आईंसाठी आलेली अँब्युलन्स ब्राईसला घेऊन गेली. आईंनी मागून जय मल्हार म्हटलं.

हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. थायरॉइड, इन्फेक्शन, हृदय, काय काय. काही निघालं नाही. दोन दिवसांनी घरी आला आणि मेथीला पाणी घालायला लागला. त्याला आठवत काहीच नव्हतं. फक्त एकदा म्हणाला, "स्वप्नात खूप थंडी होती. आणि कोणीतरी माझ्या मानेवर हात ठेवून गाणं म्हणत होतं." आईंना विचारलं तर म्हणाल्या, "हो, मी म्हणत होते की. खंडोबाचं. बसल्या बसल्या दुसरं काय करणार?" हे त्याला आम्ही आजवर सांगितलेलं नाही. का, ते नका विचारू.

मंदारने नंतर सगळे तर्क लावून बघितले. शेतावरचा एखादा मोठा कुत्रा असेल, हंटअवे जातीचे असतात तसा. तो शेतोशेत फिरून आला, तसा कुत्रा कोणाचा सुटला नव्हता. पदराची भोकं कालवांच्या शिंपल्यांनी पडली असतील. पडली असतील. धुक्यात आवाज बदलतो. बदलत असेल. मी सगळं मान्य करते. पण गरम राहायला हवा होता तो गार, आणि गार व्हायला हवी होती ती गरम, याचं उत्तर मी कितीतरी डॉक्टरांना, रोग्याचं नाव न सांगता, विचारलं. प्रत्येकाने मला आधी "कुठल्या पुस्तकात वाचलंस?" असं विचारलं.

आईंना मात्र कधी प्रश्न पडलाच नाही. "ताट दिलं होतं ना? मग येणारच. त्यात काय एवढं?" माझ्या सगळ्या शंकांवर त्यांचं एवढंच.

ब्राईस पुढच्या वर्षी नाताळला गावी गेला. किती वर्षांनी. आईंनी सासवडहून पाठवलेल्या भंडाऱ्याची पुडी खिशात होती. आम्हाला काळजी होती. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, नेहमीपेक्षा हळू आवाजात. थोरला भाऊ घ्यायला आला होता. आई आता म्हातारी झालीय म्हणाला. सकाळी तो उठला, सवयीने हात पुढे केले. म्हातारीने त्यावर गरम पाव ठेवला आणि म्हणाली, जेव. "बघितलेच नाहीत," तो म्हणाला. "हात बघितलेच नाहीत तिने." मग फोनवर आम्ही तिघं रडलो, त्यात काय लपवायचं.

आता २०१९ चालू आहे. मंदारच्या नोकरीमुळे आम्ही अल्बनीला, ऑकलंडच्या पार उत्तर टोकाला, आलोय. ब्राईस अजून पुकेकोहेत, पॅकहाउसमध्ये सुपरवायझर. चंपाषष्ठीला तो अख्खं ऑकलंड ओलांडून, ट्रॅफिकमध्ये शिव्या घालत, कांद्याची पात घेऊन येतो. मी भरीत करते, माझ्या हातचं आईंसारखं होत नाही, तो तोंडावर सांगतो. त्याचं ताट मी टेबलावर वाढते आणि भुवयांवर भंडारा लावते. या विश्वास नसलेल्या हातांनी लावते.

आई आता सासवडला नणंदेकडे असतात. हल्ली विसरतात. मागच्या फोनला मला "तू कोण गं?" म्हणाल्या. न्यूझीलंडला आल्या होत्या, हेही त्यांना आठवत नाही. चिखल नाही, धुकं नाही, काही नाही. मी फोन ठेवणार एवढ्यात एकदम विचारलं, अगदी जुन्या करड्या आवाजात, "वाघ्याला वाढलंस का?"

"हो आई," मी म्हटलं. "पोटभर जेवला."